गच्चीवरची छत्री, कपाटावरचा सर्व्हर आणि बाबांचा रिमोट

पार्ल्याची_मीनल

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आम्ही विलेपार्ले पूर्वेला, जुन्या चार मजली इमारतीत तिसऱ्यावर राहतो. बाबा ७९ वर्षांचे. त्यांना सह्याद्रीवरच्या संध्याकाळी सातच्या बातम्या, शेतीचे कार्यक्रम (आमच्या नावावर एक गुंठाही नाही, तरी) आणि कधीमधी लागणारं नाट्यसंगीत, एवढंच बघायचं असतं. केबल गेल्या वर्षी बंद केली. दोनशे चॅनेलांतली दोन बाबा बघायचे आणि आम्ही एकही नाही. त्या जागी दूरदर्शनच्या मोफत डीटीएचचा, फ्री डिशचा, बॉक्स आला. छत्री सध्या बाल्कनीच्या ग्रिलला बांधलेली आहे. चित्र येतं, पण मध्येच चौकोन चौकोन होतात.

खरी अडचण वेगळीच आहे. बाबांना साडेसहाला डुलकी लागते. जागे होतात तोवर बातम्या संपलेल्या असतात आणि मग जेवणापर्यंत घरात कुणाशी बोलणं नाही. बॉक्सच्या मागे पेनड्राइव्ह लावून रेकॉर्ड होतं खरं, पण रोज कुणीतरी बटण दाबायला हवं, आणि आमच्या बॉक्सने केलेली फाइल लॅपटॉपवर उघडतच नाही.

मला हवंय ते असं: घरात एक छोटा पीसी कायम चालू, ठरलेले कार्यक्रम त्याने आपले आपण रेकॉर्ड करायचे, आणि ते टीव्हीवर, फोनवर, जमलं तर पुण्याला बहिणीकडेही दिसायचे. मी आयटीत टेस्टिंगला आहे, लिनक्सची भीती नाही. ड्रिल मशीनची आणि सोसायटीची आहे.

नेटवर अमेरिकन लोकांचे लेख ढिगाने आहेत. खिडकीत अँटेना लावा, एचडीहोमरनचा डबा (अँटेनाचा सिग्नल घरच्या नेटवर्कवर देणारा) घ्या, झालं. आपल्याकडे यातलं काय चालतं?

खटपट्या

मीनलताई, तो डबा लगेच मागवू नका. त्याची अमेरिकन मॉडेल्स एटीएससी या तिकडच्या प्रसारण पद्धतीची आहेत. आपल्याकडे डीव्हीबी घराणं चालतं: जमिनीवरून डीव्हीबी-टी२, उपग्रहावरून डीव्हीबी-एस आणि एस२. सुनेने अमेरिकेहून बॅगेत घालून आणलेला असा डबा माझ्याकडे आहे. त्यावर सध्या तुळशीची कुंडी ठेवलीय.

जमिनीवरचं म्हणाल तर दूरदर्शनचे बहुतेक सगळे जुने ॲनालॉग ट्रान्समीटर २०२२ पर्यंत बंद झाले. टी२ चं प्रसारण २०१६ मध्ये सोळा शहरांत सुरू झालं, त्यात मुंबई होती, पण चॅनेल मोजून पाच. तेवढ्यासाठी वेगळा ट्यूनर (सिग्नल पकडणारं यंत्र) घेणं मला पटत नाही. आणि बाजारात शेकड्यांत मिळणाऱ्या साध्या यूएसबी काड्या बहुतेक जुन्या डीव्हीबी-टी च्या असतात, टी२ त्यांना कळतच नाही. वेष्टनावर 'डिजिटल टीव्ही' एवढंच छापलेलं असतं.

तुमच्याकडे छत्री आहेच ना? मग तीच तुमची अँटेना. फ्री डिशची एमपेग-२ (चित्र दाबून पाठवायची जुनी पद्धत) मधली चॅनेल कुलूप न लावता येतात. डीव्हीबी-एस२ ट्यूनर कार्ड घ्या, छत्रीची वायर बॉक्सऐवजी त्यात घाला, की पीसी हाच बॉक्स झाला. खासगी डीटीएचच्या बाबतीत हे जमत नाही. तिथे सगळं सांकेतिक करून पाठवतात आणि किल्ली त्यांच्याच बॉक्समध्ये असते.

मनोरा७२

'अँटेना' शब्द दिसला आणि आत आलो. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हा मी चौथीत होतो. गिरगावातल्या आमच्या चाळीत एकच टीव्ही, तोही पहिल्या मजल्यावरच्या वकिलांकडे. गच्चीवर माशाच्या काट्यासारखी अँटेना, तोंड वरळीच्या मनोऱ्याकडे. वादळात ती फिरली की आम्हा पोरांना वर पिटाळायचे. खालून कुणीतरी ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" पुढच्या वर्षी सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र झालं आणि पुण्याचे नातेवाईकही टीव्हीवाले झाले. तोवर ते सुट्टीत आमच्याकडे यायचे ते आम्हाला भेटायला, असा आमचा समज होता.

टीव्हीला तेव्हा परवाना लागायचा, पोस्टात जाऊन पैसे भरायचे. ऐंशीच्या दशकात ते संपलं. वडिलांनी ते पुस्तक शेवटपर्यंत जपून ठेवलं होतं, इन्स्पेक्टर आला तर दाखवायला.

तांत्रिक माहिती शून्य. चालू द्या.

निमा

एक भाबडा प्रश्न. सह्याद्री यूट्यूबवर दिसतं. प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप नोव्हेंबर २०२४ पासून आहे, त्यावर दूरदर्शनची चॅनेल लाइव्ह आहेत. स्मार्ट टीव्हीवर ते टाकलं की काम झालं. ही एवढी खटपट कशासाठी?

पार्ल्याची_मीनल

निमा, हेच मी नवऱ्याकडून रोज ऐकते. :)

यूट्यूब करून पाहिलं. बाबा बातम्या शोधायला जातात आणि दहा मिनिटांनी कुणीतरी मधुमेह मुळापासून घालवून दाखवत असतं. परत यायचं बटण त्यांना सापडत नाही. शिवाय आमचं नेट पावसात हमखास जातं. केबलवाल्याची वायर आंब्याच्या झाडावरून गेलीय.

आणि खरं सांगू? मला करून बघायचंय. बाबा हे निमित्त आहे.

खटपट्या

आता कशी खरं बोललात.

निमा, अजून एक मुद्दा क्रिकेटचा. २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून ठरवलेल्या सामन्यांचं थेट चित्र खासगी हक्कदाराला प्रसार भारतीला द्यावं लागतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते चित्र दूरदर्शनने आपल्या जमिनीवरच्या आणि फ्री डिशच्या प्रसारणातच दाखवायचं, केबलवाल्यांनी आणि खासगी डीटीएचने ते उचलायचं नाही. म्हणून छत्री असलेल्याच्या पदरात जे पडतं ते केबलवाल्याच्या दूरदर्शनवर असेलच असं नाही.

शून्य_डेसिबल

मी अठरा वर्षं छत्र्या लावतोय, आधी पोटासाठी आणि आता हौसेने. सर्व्हर वगैरे नंतर. ताई, 'चौकोन चौकोन होतात' म्हणालात तिथेच थांबा. सिग्नल कच्चा असेल तर रेकॉर्डिंगही कच्चंच होणार. टीव्हीवर बघताना एक चौकोन डोळा माफ करतो, फाइलमध्ये तिथे आवाज तुटतो आणि पुढचं चित्र-आवाज मागेपुढे होतात.

फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. मुंबईतून त्याची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजली तर १३१ अंश, म्हणजे जवळजवळ आग्नेय, आणि उंची क्षितिजापासून साडेसत्तावन्न अंश. मुंबईत होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत नावापुरताच फरक आहे, त्यामुळे फोनमधलं होकायंत्र चालतं. फक्त लोखंडी ग्रिलला टेकवून धरू नका, ते ग्रिलचीच दिशा दाखवेल.

तुमची बाल्कनी पश्चिमेला असेल तर विसरा. आग्नेय दिसायला हवी.

समोर इमारत आड येते का ते बघायची माझी युक्ती सांगतो, यंत्र लागत नाही. वर्षातून दोनदा, साधारण १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या आसपास, सूर्य बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. मार्चमध्ये सव्वाअकराच्या सुमारास, ऑक्टोबरमध्ये अकराच्या थोडं आधी. त्या वेळी छत्री लावायच्या जागेवर ऊन पडलं तर उपग्रह दिसतोय, सावली पडली तर नाही. त्याच दिवसांत त्याच वेळी काही मिनिटं चित्र जातं, कारण सूर्य स्वतःच सगळ्या लहरींवर ओरडत असतो. गिऱ्हाईक फोन करून शिव्या देतं, आपण म्हणायचं, दहा मिनिटांनी येईल. येतं.

आणखी एक. साठ सेंटीमीटरची छत्री बघितली तर वाटतं ती समोरच्या घराकडे बघतेय. ती ऑफसेट असते, तिची नजर दिसते त्यापेक्षा साधारण पंचवीस अंश वर असते. म्हणून अंदाजाने 'आभाळाकडे' तोंड केलं की काहीच मिळत नाही, वर वाडग्यासारखं पाणी साठतं.

पार्ल्याची_मीनल

शून्य डेसिबल दादा, दंडवत. बाल्कनी दक्षिणेला आहे, पण आग्नेयेला बरोबर शेजारच्या नव्या टॉवरची कड येते. चौकोनांचं कारण कळलं. म्हणजे आता गच्ची.

आणि गच्ची म्हणजे सेक्रेटरी.

(चार दिवसांनी) गच्चीचं महाभारत थोडक्यात सांगते. सेक्रेटरी काकांचं पहिलं वाक्य, "गच्चीला आत्ताच वॉटरप्रूफिंग केलंय, एक खिळा मारू देणार नाही." दुसरं, "तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील." मी म्हटलं, केबलवाल्याचे अकरा डबे आहेत वर, मोजून आले. त्यावर काका म्हणाले, "त्यांना कुणी परवानगी दिली ते मलाही माहीत नाही."

शून्य_डेसिबल

खिळा मारायचाच नाही. लोखंडी चौकटीचं स्टँड मिळतं, त्यावर बांधकामातले सिमेंटचे चार ब्लॉक ठेवायचे. खाली जुन्या रबरी मॅटचा तुकडा, म्हणजे वॉटरप्रूफिंगला ओरखडा नाही. मात्र कठड्याच्या आडोशाला ठेवा आणि स्टँडला एक तार बांधून पाण्याच्या टाकीच्या खांबाला अडकवा. जूनच्या वाऱ्याला ब्लॉक कमी पडले तर छत्री खाली जाते, आणि खाली माणसं असतात. वीज कडाडते त्याचाही विचार करा, स्टँडला इमारतीच्या अर्थिंगची पट्टी जोडून घ्या.

जमत असेल तर नव्वद सेंटीमीटरची घ्या. साठच्या मानाने क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन डेसिबल जास्त सिग्नल. केयू बँडला, म्हणजे फ्री डिश ज्या लहरींवर येतं त्यांना, पाऊस खातो. जुलैत मुंबईत जो धोधो येतो त्यात नव्वदचीही जाते, पण साठची ढग बघूनच जाते.

एलएनबी (छत्रीच्या पुढचं, सिग्नल गोळा करणारं डोकं) दोन तोंडाची घ्या, ट्विन. पैशांत फार फरक नाही, दुसरं तोंड पुढेमागे उपयोगी पडतं. केबल आरजी-६, तांब्याची. टोकाला पिन बसवताना आतली जाळी मधल्या तारेला एक केसही लागता कामा नये. पिनेवर आधी पाणी न शिरणारी टेप, मग वरून अजून एकदा टेप, आणि छत्रीपासून निघाल्या निघाल्या केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळातून टपकेल, वायरीवरून चालत घरात येणार नाही.

कबुतरांचं काय करायचं ते मला विचारू नका. अठरा वर्षांत उत्तर मिळालेलं नाही.

सोल्डरगन

पीसीबद्दल मी बोलतो. नवीन काही घेऊ नका. लॅमिंग्टन रोडला ऑफिसांतून निघालेले छोटे डेस्कटॉप मिळतात. इंटेल प्रोसेसरची सहावी पिढी किंवा पुढची बघा, म्हणजे क्विक सिंक (चिपमधलीच व्हिडिओ बदलायची सोय) हाताशी येतं आणि फोनसाठी चित्र बदलून देताना प्रोसेसर हाशहुश करत नाही. दोन गोष्टी दुकानातच तपासा. पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट आहे ना? तळहाताएवढे जे डबे येतात त्यांत तो नसतो, मग यूएसबी ट्यूनर घ्यावा लागतो. त्या ट्यूनरला वेगळा बारा व्होल्टचा अडॅप्टर हवा, कारण छत्रीच्या एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट याच वायरीतून द्यायचे असतात, यूएसबीच्या पाच व्होल्टांवर ते झेपत नाही.

दुसरं, पीसीची केस अर्ध्या उंचीची असेल तर कार्डाची पत्र्याची पट्टीही अर्ध्या उंचीची हवी. मला दुकानदाराने "सगळ्यात बसतं साहेब" म्हणून दिलेलं कार्ड पूर्ण उंचीचं निघालं. रात्री साडेअकराला पकडीने पत्रा वाकवला. अजून तसाच आहे, कोपऱ्यातून डोकावतो. बदलायला दोनदा गेलो, दोन्ही वेळा दुकानाला कुलूप. शेजारी म्हणाला गावाला गेलेत.

रास्पबेरी पाय सुचवायला कुणी येईलच, त्याआधी सांगतो. चालतो, पण रेकॉर्डिंग मेमरी कार्डावर करू नका. सतत लिहून कार्ड मरतं, माझं पाच महिन्यांत गेलं. बाहेरची डिस्क लावा. सीसीटीव्हीसाठी बनवलेल्या डिस्क या कामाला बऱ्या, त्यांचा जन्मच अखंड लिहिण्यासाठी आहे.

विजेचं म्हणाल तर डबा सरासरी वीस वॉट खाईल. वर्षाला पावणेदोनशे युनिट.

मनोरा७२

म्हणजे आमच्या चाळीच्या जिन्यातला दिवा.

खटपट्या

आता सॉफ्टवेअर. दोन थर डोक्यात वेगळे ठेवा, तिथेच लोक गोंधळतात. टीव्हीहेडएंड हा मागच्या खोलीतला माणूस: ट्यूनर हाताळतो, चॅनेल शोधतो, रेकॉर्ड करतो. जेलीफिन हा पुढच्या खोलीतला: पोस्टर लावून सजवतो, फोनवर-ब्राउझरवर दाखवतो. दोन्ही फुकट आणि मुक्तस्रोत. टीव्हीवर मात्र जेलीफिनपेक्षा कोडी नावाचं ॲप बरं, ते टीव्हीहेडएंडशी थेट बोलतं आणि चॅनेल पटकन बदलतं.

टीव्हीहेडएंडचं पान ९९८१ पोर्टवर उघडतं. तिथे क्रम ठरलेला आहे: आधी नेटवर्क, त्याखाली मक्स, मक्समधून सर्व्हिस, सर्व्हिसमधून चॅनेल. मक्स म्हणजे उपग्रहावरचा एक ट्रान्सपॉन्डर, एकाच लहरीवर बांधून पाठवलेली चॅनेलांची जुडी. फ्री डिशला एलएनबी 'युनिव्हर्सल' निवडा. त्याची सगळी जुडगी ११७०० मेगाहर्ट्झच्या खाली, व्हर्टिकल ध्रुवणात आणि सिम्बॉल रेट २९५०० ला आहेत. एक मक्स हाताने भरला, उदाहरणार्थ ११०९०, आणि स्कॅन लावलं, की सुरुवात होते. बाकीचे एकेक भरत जा.

इथली गंमत अशी की एक ट्यूनर एका वेळी एक मक्स ऐकतो, पण त्या मक्समधली सगळी चॅनेल एकदम रेकॉर्ड करू शकतो. म्हणजे जुडी एकच असेल तर एका ट्यूनरवर चार कार्यक्रम बिनतक्रार. जुड्या वेगळ्या असतील तर मात्र दोनच कार्यक्रमांतही भांडणं.

दरवर्षी १ एप्रिलच्या आसपास एकदा नव्याने स्कॅन करा. फ्री डिशच्या जागांचा ई-लिलाव होतो, जुनी चॅनेल जातात, नवी येतात. चॅनेल मुकाट नाहीसं होतं आणि तुमचं रेकॉर्डिंग रोज शून्य बाइटची फाइल बनवत बसतं.

पार्ल्याची_मीनल

खूप आभार. तीन आठवड्यांनी येतेय, कारण मध्ये ऑफिसचं रिलीज होतं.

गच्ची मिळाली! कशी ते शेवटी सांगते. नव्वदची छत्री, चार ब्लॉक, खाली बाबांची जुनी योगा मॅट. दिशा लावायला मी वर, नवरा खाली लॅपटॉपसमोर, मध्ये फोन. मनोराकाका, अगदी तुमच्या चाळीसारखं: "आलं, आलं... गेलं!" बोल्ट अर्धा सैल ठेवून छत्री एका वेळी नखाएवढी सरकवायची, आणि सरकवल्यावर दोन श्वास थांबायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ट्यूनरला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. मी आपली हलवतच होते, दोनदा त्याच्यावरून पुढे गेले. शेवटी बोल्ट आवळताना छत्री परत किंचित फिरली. मग एक बोल्ट थोडा, दुसरा थोडा, पोळपाटाच्या पायांत सुपारी घालावी तसं.

पीसी मिळाला नऊ हजारांत, सहाव्या पिढीचा. आठ जीबी मेमरी, डिस्क दोन टीबी. पट्टी आधीच विचारून अर्ध्या उंचीची आणली, सोल्डरगन यांची कृपा.

आता फजिती. टीव्हीहेडएंड डॉकरमध्ये, म्हणजे पीसीतल्याच एका वेगळ्या बंद कप्प्यात (कंटेनर), टाकलं. ईपीजीत (सिग्नलसोबत येणाऱ्या वेळापत्रकात) बऱ्याच चॅनेलांवर कार्यक्रमांची नावंच येत नाहीत, म्हणून वेळेवर आधारलेला टाइमर लावला: रोज सात वाजता, आधी तीन मिनिटं आणि नंतर पाच मिनिटं जास्तीची. दुसऱ्या दिवशी मोठ्या थाटात बाबांना बसवलं, फाइल लावली. बातम्या नाहीत, भलताच कार्यक्रम. मी चॅनेल तपासलं, मक्स तपासला, ड्रायव्हर परत टाकला. दीड तास. मग फाइलची वेळ बघितली: रात्री साडेबारा. कंटेनरचं घड्याळ ग्रीनिचचं होतं! त्याच्या हिशेबाने त्याने बरोबर सातलाच रेकॉर्ड केलं होतं.

रोज टाइमझोनचे बग नोंदवून दुसऱ्यांचा जीव खाणारी मी.

सोल्डरगन

फुटलो. ही फजिती प्रत्येकाची एकदा होते, फक्त कबूल कुणी करत नाही. माझा टाइमर आठवडाभर तसा होता.

पार्ल्याची_मीनल

एक शंका. टीव्हीवर कोडीत चित्र सुरेख दिसतं. फोनवर जेलीफिनमध्ये वृत्तनिवेदिकेने मान हलवली की कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात. खालच्या सरकत्या बातम्यांच्या पट्टीवर तर वाचवत नाही. आणि ब्राउझरमध्ये सुरू व्हायलाच सात-आठ सेकंद लागतात.

खटपट्या

ते इंटरलेस. एसडी चॅनेल ५७६ ओळींचं, पण एका फेरीत विषम ओळी आणि पुढच्या फेरीत सम, अशा दोन अर्ध्या चित्रांनी येतं. जुन्या काचेच्या टीव्हीला ते मानवायचं. आताचा पडदा दोन्ही अर्धी एकदम दाखवतो, मधल्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागात मान हललेली असते, म्हणून कंगवा. जेलीफिनच्या सेटिंगमध्ये ट्रान्सकोडिंगच्या पानावर डीइंटरलेसिंगमध्ये 'याडिफ' आणि दुप्पट दर निवडा. ब्राउझरला एमपेग-२ कळत नाही, त्यामुळे सर्व्हरला ते एच-२६४ मध्ये बदलून द्यावंच लागतं. क्विक सिंक चालू केलंय का? लिनक्सवर जेलीफिनच्या वापरकर्त्याला 'रेंडर' गटात घालावं लागतं, नाहीतर सगळं प्रोसेसरवर पडतं आणि तुमचे सात-आठ सेकंद तिथे जातात.

पार्ल्याची_मीनल

रेंडर गट! तोच राहिला होता. आता दोन सेकंद, कंगवा गायब.

तारेवरची_कसरत

ड्रायव्हरवरून आठवलं. माझ्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) नाही, कंपनीच्या साइटवरून घेऊन स्वतः कंपाइल करावा लागतो. एका रविवारी उबंटूने रात्री आपणहून कर्नल बदलला, सकाळी ट्यूनर गायब. घरात कुणाला काही कळलं नाही, मला मात्र आषाढी एकादशीच्या पहाटेच्या महापूजेचं रेकॉर्डिंग गेल्याचं आईने अजून ऐकवायचं सोडलेलं नाही. कंपनीला दोन मेल टाकल्या, उत्तर नाही. तेव्हापासून कर्नल गोठवून ठेवलाय, वर्षातून एकदा सुट्टीच्या दिवशी हाताने बदलतो. ज्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच आहेत अशी कार्डं शोधून घ्या, शंभर-दोनशे जास्त गेले तरी.

मीनलताई, पुण्याच्या बहिणीचं जमलं का? माझं नेट सीजीनॅटच्या मागे आहे (कंपनी अनेक घरांना मिळून एकच पत्ता देते), बाहेरून पोर्ट उघडताच येत नाही.

पार्ल्याची_मीनल

आमचंही तसंच. टेलस्केल (लांबच्या यंत्रांना एका खासगी जाळ्यात जोडणारं ॲप) टाकलं, सर्व्हरवर आणि ताईच्या टीव्हीच्या डब्यावर. राउटरमध्ये काही उघडावं लागलं नाही. एसडी चित्राला दोन-तीन एमबीपीएस अपलोड पुरतं. आता बाबा आणि ताई एकाच बातमीवर फोनवर वाद घालतात. ताई ती दुसऱ्या दिवशी बघते, त्यामुळे हवामान खात्यावरून रोज भांडण.

निमा

हे सगळं कायद्याने चालतं ना? उगाच विचारून ठेवते.

खटपट्या

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२: खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी वाजवी मर्यादेत केलेली गोष्ट भंगात धरत नाहीत. घरच्यांनी मागाहून बघणं त्या भावनेतलं आहे, मी तरी शांत झोपतो. तेच रेकॉर्डिंग यूट्यूबवर चढवलंत किंवा सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकलीत तर मी तुम्हाला ओळखत नाही.

मनोरा७२

जागा किती खातं हे सगळं? आमच्या वेळी तीन तासांच्या कॅसेटवर लग्न मावायचं नाही.

पार्ल्याची_मीनल

काका, सह्याद्रीचं अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग साधारण अर्धा जीबी होतं. वर्षभराच्या बातम्या दोनशे जीबीत मावतील. मी तीस दिवसांनी आपोआप पुसायचं लावलं होतं. बाबांच्या लक्षात आलं. "त्या मंगळवारची कुठे गेली?" आता काहीच पुसलं जात नाही.

रिमोटचं सांगायचं राहिलं. टीव्हीला जोडलेल्या अँड्रॉइड डब्याच्या रिमोटला एकवीस बटणं, त्यांतली चार कुठल्या कुठल्या ॲपच्या जाहिराती. कोडीत की-मॅप बदलून एका बटणाला थेट 'रेकॉर्डिंग्ज'ची यादी जोडली, नवीन सगळ्यात वर. त्या बटणावर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका. ॲपच्या चार बटणांवर मलमपट्टीची चिकटपट्टी. बाबा म्हणतात, "लाल दाबायचं, मग मधलं दाबायचं." बस. तीन आठवड्यांच्या मेहनतीतलं त्यांना दिसलेलं एवढंच.

पहिला मोठा पाऊस परवा झाला. साडेचारला चित्र गेलं, पाचला आलं. बातम्या बचावल्या.

शून्य_डेसिबल

पाऊस थांबूनही सिग्नल कमीच राहिला तर एलएनबीच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकण बघा. उन्हाने तडकतं, आत पाणी शिरतं. आणि गच्ची मिळाली कशी ते राहिलं.

पार्ल्याची_मीनल

सांगते. सेक्रेटरी काकांनी अट घातली. तुमच्याच सांगण्यावरून मी ट्विन एलएनबी घेतली होती, ते मी बोलण्याच्या ओघात बोलून गेले. काका म्हणाले, दुसऱ्या तोंडाची वायर खाली वॉचमनच्या केबिनमध्ये द्या, जुना टीव्ही तिथे पडून आहे, बॉक्स सोसायटी घेईल. दिली. आता वॉचमनकाका रात्री भोजपुरी सिनेमे बघतात आणि गेटवर झोपलेले सापडत नाहीत, म्हणून कमिटीही खूश.

पण काल अडचण झाली. सातच्या बातम्या आणि डीडी स्पोर्ट्सवरची कबड्डी एकाच वेळी, आणि दोन्ही वेगळ्या मक्सवर. माझं कार्ड दोन ट्यूनरचंच आहे, दुसऱ्या ट्यूनरला वायर नाही. ती केबिनमध्ये गेलीय. वॉचमनच्या वायरीला दुभाजक लावून माझ्या दुसऱ्या ट्यूनरला जोडलं तर?

शून्य_डेसिबल

नाही. दुभाजकाने एका तोंडावर दोन ट्यूनर बसवले की दोघं एलएनबीला वेगवेगळे व्होल्ट आणि टोन पाठवू शकतात. फ्री डिशपुरतं सगळं एकाच ध्रुवणात, एकाच पट्टीत असल्यामुळे कदाचित निभेलही, पण केबिनमधल्या बॉक्सने कधी स्कॅन मारलं की इकडे तुमच्या बातम्या बसतील. चार तोंडाची एलएनबी घ्या, क्वाड. छत्री तीच, दिशा तीच, फक्त पुढचं डोकं बदलायचं. बोल्ट सोडण्याआधी मार्करने खूण करा म्हणजे फिरणार नाही.

खटपट्या

आणि चौथ्या तोंडाबद्दल सेक्रेटरींना बोलू नका.